तिसरी रांग

६ एप्रिल, सोमवार

आचारी एक, घरे दोन, आणि दोन्ही घरांत भूक एकाच घटकेला! विद्युत वाहनाच्या उदरातील शीतकरणाची कथा याहून निराळी नाही. गारवा निर्माण करणारा कॉम्प्रेसर एकच. त्याच्या दारी याचक दोन: बॅटरी आणि प्रवासी. जलद चार्जिंग सुरू झाले की बॅटरीस ज्वर चढतो. प्रवाशास उन्हाळ्यात तो आधीच चढलेला असतो. कोणास किती गारवा द्यावा हे ठरवणारा न्यायाधीश म्हणजे प्रस्तुत लेखक. वय बावन्न, केस अल्प, अहंकार विपुल.

माझा न्याय सर्वश्रुत आहे. बॅटरी बेचाळीस अंशांवर गेली की प्रथम मागच्या रांगांचा गारवा बंद. पुढच्या रांगेचा त्यानंतर, तोही हळूहळू. मागे बसलेल्यांस पंचवीस मिनिटे काही जाणवतही नाही. दोन उन्हाळ्यांच्या चाचण्यांतून सिद्ध झालेली सारणी मजजवळ आहे.

चार मे रोजी चाळीस गाड्या बाहेर पडावयाच्या आहेत — डायलिसिसच्या रुग्णांना घरून नेणाऱ्या आणि परत सोडणाऱ्या. माझी सही झाली की निघाल्या. दोन गाड्या फेब्रुवारीपासून प्रायोगिक तत्त्वावर धावत आहेत. त्यांतील एका चालकाची तक्रार आज आली. 'मागे एसी चालत नाही.' चार शब्द. व्याकरण निर्दोष, आशय अशक्य.

७ एप्रिल, मंगळवार

चालकास फोन केला.

"साहेब, चार्जिंगला लावली की मागे भट्टी होते."

"किती वेळाने?"

"आता मी काय घड्याळ लावून बसतो का? पाच-सात मिनिटांत. पुढे मला थंडी वाजते आणि मागे माणसं वाळत पडतात."

मी त्यास सारणीचा सातवा स्तंभ वाचून दाखवला. तो ऐकत होता, किंवा फोन बाजूला ठेवून चहा पीत होता. माझे वाचन संपल्यावर म्हणाला, "बरं. मग आजी बेशुद्ध कशाने पडल्या?"

आजी म्हणजे त्याच्या गाडीतील एक रुग्ण. वय अडुसष्ट. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. बसतात नेहमी तिसऱ्या रांगेत, अगदी मागे. तिथे पाय लांब करता येतात. गेल्या गुरुवारी परतीच्या वाटेवर दुपारी गाडी चार्जिंगला लावली होती. चार्जरच्या पडद्यावर सतरावे मिनिट होते तेव्हा आजींचे डोळे फिरले. तेव्हापासून रुग्णालयातच आहेत.

"त्यांना पाणी मोजून मिळतं हो साहेब. दिवसाचं ठरलेलं. तहान लागली तरी प्यायचं नाही. घाम आला तर पुसायचा, एवढंच."

मी खेद व्यक्त केला. बराच अलंकृत.

८ एप्रिल, बुधवार

उत्तर धाडले: 'प्रणालीत दोष आढळत नाही. रुग्णाची मूळ प्रकृती हे स्वतंत्र कारण संभवते.' पाठवण्यापूर्वी दोनदा वाचले. वाक्य डौलदार आहे.

१० एप्रिल, शुक्रवार

साप्ताहिक सभा. अध्यक्षस्थानी वीस मिनिटे साहेब. हे त्यांचे जन्मनाम नव्हे. 'आमची गाडी वीस मिनिटांत चार्ज होते' असे त्यांनी एकदा भर मेळाव्यात जाहीर केले आणि तेव्हापासून ते वचन पाळण्याचे काम माझ्याकडे आले. नाकापेक्षा मोती जड, नाक माझे.

तक्रारीचा विषय निघाला. साहेब म्हणाले, "पंडित, तुझी सारणी काय म्हणते?" पंडित म्हणजे मी. सारणी म्हणते की मागे अठ्ठावीस अंशांवर पारा चढत नाही. "झालं तर मग. पुढचा विषय."

सभा उठताना ताईने मला जिन्यात गाठले. ताई ही आमची मापनतंत्रज्ञ. गाडीत कुठे किती अंश हे मोजणारी सारी यंत्रे तिच्या हातची. पस्तिशीची आहे; तरी सारे कार्यालय तिला ताई म्हणते. तिच्याहून सतरा वर्षांनी थोर असा मीही.

"सर, मागे कधी कोणी बसलंय का?"

"कुठे?"

"चाचणीच्या गाडीत. उन्हात, चार्जिंग चालू असताना."

"मागे यंत्रे असतात, ताई. माणसांना जागा कुठे?"

"तेच म्हणते मी."

१३ एप्रिल, सोमवार

चाचणीची गाडी आवारात उभी आहे. तिच्या पोटात कित्येक महिन्यांत मी डोकावलो नव्हतो. मला आकडे आवडतात. ज्या वस्तूतून ते निघतात ती नव्हे.

मागचे आसन काढून तिथे मापनपेटी बोल्टने घट्ट बसवलेली. तिच्याकडे तोंड करून एक छोटा कूलर. आणि कूलरच्या तोंडापासून एका वितीवर, माणसाचे डोके जिथे असावे तिथे, तारेला लोंबणारा तापमानाचा सेन्सर.

मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. ताईही पाहत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे म्हणतात. इथे तापमापीच बंबाच्या कुशीत झोपली होती! दोन उन्हाळे आम्ही तिसऱ्या रांगेतल्या माणसाचे नव्हे, एका लाडावलेल्या पेटीचे सुख मोजले. अठ्ठावीस अंश — पेटीचे. सातवा स्तंभ — पेटीचा. त्या पेटीला त्याबद्दल एक धन्यवादाचे पत्र द्यावयास हवे.

"हा इथे कसा आला?" मी विचारले. आवाजात अधिकार आणण्याचा प्रयत्न केला.

"पेटी उन्हाने बंद पडायची, सर. दोनदा आकडे गेले होते. तुम्हीच म्हणालात ना, पेटीला झळ लागता कामा नये."

"म्हणालो असेन."

"असेन नाही. म्हणालात."

१४ एप्रिल, मंगळवार

पेटी आणि कूलर बाहेर काढले, आसन परत बसवले. दुपारी एक वाजता गाडी उन्हात चार्जिंगला लावली. तिसऱ्या रांगेत मी. पुढे, पडद्यासमोर ताई. पाणी प्यायचे नाही असे मी ठरवले होते. विज्ञानार्थ.

चौथ्या मिनिटाला डोक्यावरच्या झरोक्याचा श्वास थांबला. माझ्याच नियमानुसार, माझ्याच अंकावर, अचूक. क्षणभर अभिमान वाटला हे कबूल करतो. सातव्या मिनिटाला काच तव्यासारखी. तिच्याकडचा कान तापला. नवव्याला पुढे ताईने बाह्या खाली ओढून घेतल्या — तिला गार लागत होते! अकराव्याला घाम डोळ्यांत. तेराव्या मिनिटाला जीभ टाळूला चिकटली आणि उठावे असे वाटले.

तिसऱ्या रांगेला स्वतःचे दार नाही. मधले आसन पुढून कोणी दुमडले तरच बाहेर पडता येते. हा आराखडा मी स्वतः तीन वर्षांपूर्वी संमत केला आहे.

"ताई, बाहेर काढ."

ती हसली. "सर, नाटक पुरे. अजून सहा मिनिटं आहेत."

मी पुन्हा म्हणालो. ती पुन्हा हसली. आयुष्यभर विदूषकी केली त्याचे फळ! तिसऱ्यांदा शब्द फुटला नाही, तेव्हा तिने मागे वळून पाहिले आणि धावली.

चौदा मिनिटे. तिसऱ्या रांगेत त्रेचाळीस अंश. पुढच्या पडद्यावर चोवीस.

१५ एप्रिल, बुधवार

आज एकही भारदस्त शब्द सुचत नाही. तिथे ती बाई बसली होती. पाणी न पिता. माझ्यापेक्षा तीन मिनिटं जास्त. आणि तिने हाक मारली असेल तर पुढे थंडीत बसलेल्या माणसाला ती ऐकू आली नसेल.

'रुग्णाची मूळ प्रकृती हे स्वतंत्र कारण संभवते.' डौलदार!

१६ एप्रिल, गुरुवार

साहेबांच्या खोलीत पाऊण तास. उपाय मजजवळ तयार होता: मागे गारवा सोडणारी झडप पूर्ण बंद न करता पाव उघडी ठेवावी. मागे तीस अंशांच्या आत राहते. बॅटरी मात्र थोडी तापते, म्हणून चार्जिंगचा वेग कमी करावा लागतो. वीस मिनिटांची एकतीस होतात.

"एकतीस?" साहेबांनी हा आकडा असा उच्चारला की जणू मी त्यांच्या कन्येविषयी काही वावगे बोललो.

"सारणी खोटी आहे, साहेब. मापनात चूक झाली होती."

"कोणाकडून?"

"मापनस्थानाच्या निवडीत काही बाह्य घटकांचा अनवधानाने —"

"पंडित, मराठीत सांग."

मी मराठीत सांगितले नाही. ते उठून खिडकीपाशी गेले. "हे बघ, तोंडी गोष्टींवर मी तारीख हलवत नाही. लेखी दे. काय चुकलं, कधी चुकलं आणि कोणाचं चुकलं. त्याचं नाव घाल. मग बघू."

मूर्ख मनुष्य नव्हे हा. नेमक्या कोणत्या दाराला कुलूप घातले की मी आत येणार नाही, हे त्यास ठाऊक आहे.

१८ एप्रिल, शनिवार

प्रतिवेदनाचा चौथा मसुदा. पहिली तीन पाने शीतकरणाच्या सिद्धांताची. चौथ्या पानावर ऐतिहासिक पार्श्वभूमी. पाचव्या पानावर 'सदर कूलर तेथे ठेवण्यात आला होता' येथपर्यंत पोहोचतो आणि घोडे अडते. कोणाकडून ठेवण्यात आला? इतकी वर्षे नोकरी, एक गृहकर्ज नुकतेच फिटलेले, आणि प्रत्येक परिषदेत 'मागच्या रांगेचे सुख' या विषयावर माझे व्याख्यान! लोक टाळ्या वाजवीत असत.

अर्धांगिनीस मसुदा दाखवला. ती शाळेत गणित शिकवते. तिच्यापुढे शब्दांचे काही चालत नाही. पाचही पाने वाचून तिने चष्मा काढला.

"यात उत्तर कुठे आहे?"

"ते क्रमाक्रमाने येते."

"अहो, माझी सातवीतली मुलं असं करतात. उत्तर येत नसलं की पान भरून काढतात. तुम्हाला येतंय ना?"

"येते."

"मग पहिल्या ओळीत लिहा."

तिने जेवायला वाढले. मी जेवलो. भूक लागते, हे विशेष.

२० एप्रिल, सोमवार

चालकाचा फोन. आजी गेल्या. काल सकाळी.

"डॉक्टर म्हणाले, किडनीचंच दुखणं होतं. उन्हामुळे असं काही त्यांना लिहिता येत नाही म्हणाले." मग म्हणाला, "तुमचं पत्र आलं होतं. दोष नाही म्हणून. मी आजींच्या मुलाला दाखवलं. तो मला दोष देत होता ना, म्हणून दाखवलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. वाचलं आणि मला परत दिलं. म्हणाला, मोठ्या माणसांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल."

२१ एप्रिल, मंगळवार

सातवा मसुदा. पहिली ओळ अजून कोरी.

२३ एप्रिल, गुरुवार

ताईने पत्र दिले! साहेबांना आणि वरच्या कार्यालयालाही. प्रत कोणीतरी माझ्या मेजावर आणून ठेवली. मी येथे उतरून घेतो, मोठे नाही.

'चाचणीच्या गाडीत मागच्या सेन्सरजवळ कूलर मी ठेवला होता. दोन्ही उन्हाळे तो चालू होता, त्यामुळे मागच्या रांगांचे सगळे आकडे खोटे आहेत. चाळीस गाड्या सोडू नका.'

तीन वाक्ये. माझे सात मसुदे मिळून बहात्तर पाने.

दुपारी तिला निलंबनाचा कागद मिळाला. सोमवारी चौकशी. तिने आपला खण रिकामा केला: एक पाना, तारा कापायची कात्री, हाताला लावायचे मलम, एक डबा. कार्यालयात सारे जण अचानक आपापल्या पडद्यांत इतके मग्न झाले की तसे मी यांना कधी पाहिले नव्हते. मीही मग्न होतो.

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी तिच्या घरी गेलो. दाराशीच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"ताई, हे तू काय केलेस? मी सांगितले होते तुला. तू तर —"

"माहीत आहे मला कोणी काय सांगितलं."

"मग?"

"सर, गाड्यांवर सही कोणाची?"

"माझी."

"तुम्ही नाव घातलं असतं तर तुम्हाला काढलं असतं. मग सही नवा माणूस करेल, साहेबांचा. पहिल्याच दिवशी. मी गेले तर काय अडतं? तारा कोणीही जोडेल. तुम्ही आत राहा आणि सही करू नका. बस." मग म्हणाली, "आणि खरं सांगू का? तुम्ही लिहिणार नव्हता. मी दहा दिवस वाट पाहिली."

मी काही विनोद केला. काय केला ते आठवत नाही. ती हसली नाही.

२७ एप्रिल, सोमवार

चौकशी. अधिकारी बाहेरून आलेला. सडपातळ, सर्दी झालेला, स्वतःच्या हाताने लिहून घेणारा.

"कूलर लावायला कोणी सांगितलं होतं?"

ताई म्हणाली, "कोणी नाही. माझंच डोकं."

"लेखी काही?"

"नाही."

मग मला विचारले, "तुम्हाला कल्पना होती?"

आणि मी म्हणालो — शब्दशः लिहितो, कारण असे वाक्य रचणारा मनुष्य पुन्हा होणे नाही — "तत्कालीन परिस्थितीत मापनयंत्रांच्या सुरक्षिततेविषयी एक सर्वसाधारण जाणीव विभागात प्रचलित होती."

अधिकाऱ्याचा हात मध्येच थांबला. "म्हणजे हो की नाही?"

"निश्चित सांगणे कठीण."

त्याने नाक पुसले आणि 'नाही' लिहिले. ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती.

मला वाटले होते की मी तिची योजना पाळत आहे. आत राहायचे, सही रोखायची. घरी जाताना माझी गाडी आवाराबाहेर आल्यावर ध्यानात आले की ते वाक्य मी योजनेसाठी रचले नव्हते. ते मला आपोआप आले.

२८ एप्रिल, मंगळवार

साहेबांनी सहीचा कागद स्वतः आणून मेजावर ठेवला. खुर्ची ओढून बसले. पाठीवर हात ठेवला!

"चूक सापडली, करणारी सापडली. पुढच्या आवृत्तीत तुझी ती पाव झडप घालू. उद्या बारापर्यंत सही दे."

"आणि न दिली तर?"

"तर कारण लिही. तंत्रज्ञाची चूक हे कारण आता चालणार नाही, ते प्रकरण मिटलं. तुझं स्वतःचं काम सदोष आहे असं लिहावं लागेल. लिहितोस?" ते हसले. वाईट हसू नव्हते. एखाद्या भित्र्या पोराला विहिरीच्या काठावर उभे करून हसावे तसे. "पंडित, तू फार शहाणा आहेस त्यासाठी."

घरी येऊन ही वही मागे चाळली. जाड वही, मी रोज लिहीत नाही, म्हणून तीन वर्षे पुरली. काय शोधत होतो कोण जाणे. बहुधा असे काही, ज्यावरून मी ते बोललोच नव्हतो असे ठरावे. सापडले हे:

'१२ मार्च. मापनपेटी पुन्हा मूर्च्छित. ताईस आज्ञा केली — पेटीपुढे कूलर लाव, तिला झळ लागता कामा नये. ती म्हणाली, सर, सेन्सर अगदी शेजारी येतो, तो हलवू का? आराखड्याचे पावित्र्य या विषयावर तिला दहा मिनिटे प्रवचन दिले. गप्प बसली बिचारी. मन प्रसन्न.'

अर्धांगिनी वह्या तपासत बसली होती. मी ते पान तिच्यापुढे धरले. तिने वाचले. लाल पेन हातात तसेच होते.

"हे तुम्ही कोणाला दाखवणार आहात?"

तिने पान माझ्याकडे परत केले आणि पुढची वही उघडली.

२९ एप्रिल, बुधवार

चौकशी अधिकारी महोदय,

ही वही खासगी होती; आज आपल्या स्वाधीन करतो. एकही पान फाडलेले नाही. साहेबांविषयीची टोपणनावे सर्वस्वी माझी असून ती मागे घेत नाही. चाळीस गाड्यांवर सही केलेली नाही. कारण पुढीलप्रमाणे.

कूलर लावायला मी सांगितलं. ताईने विचारलं होतं.